शुद्धिपत्र

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहर मागे पडते न पडते तोच मानक नगर नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. गावाला देवाचे, राजाचे किंवा नदीचे नाव असावे हा आपल्या देशाचा जुना रिवाज आहे. पण प्रमाणाचे, मापाचे नाव घेऊन वसलेली वसाहत आमच्या पाहण्यात ही एकच आली. १९३० साली निघालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ साली लखनौस सुरू झालेले रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर यांचे १९५७ साली एकीकरण झाले, आणि त्यातून जी आर. डी. एस. ओ. जन्मास आली तिची ही वस्ती. रूळ किती झिजलेला चालेल, चाकाची कड किती पातळ झाली म्हणजे चाक बाद समजावे, डबा किती हेलकावे खाईपर्यंत सुरक्षित मानावा, असल्या प्रश्नांची उत्तरे येथे ठरतात. सरकारी बदल्यांच्या ओघात ज्या मराठी मंडळींच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे येथे गेली असतील त्यांस ठाऊक असेलच की, येथला माणूस घरी गेल्यावरही मोजमाप सोडीत नाही. भाजीवाल्याच्या तराजूकडेही तो परीक्षकाच्या नजरेने पाहतो.

या वस्तीतील आणखी एक विधी सांगितला पाहिजे. रेल्वेचे नियमग्रंथ कधी पुरे होत नाहीत. ग्रंथ छापून आला की मागोमाग क्रमांक घातलेल्या ‘करेक्शन स्लिपा’ येऊ लागतात, आणि त्या ज्या त्या पानावर खळीने चिकटवाव्या लागतात. जुना मजकूर पेन्सिलीने छेदायचा, पण खरवडून काढायचा नाही. तो खाली वाचता येतो. दहा वर्षे वापरात असलेला ग्रंथ अशा रीतीने मूळ जाडीच्या दीडपट होतो. ज्याची पोथी अद्ययावत नाही त्याची तपासणीच्या दिवशी धडगत नसते.

अशा ठिकाणी एका धर्मपुस्तकास लागलेली करेक्शन स्लिप आमच्या पाहण्यात आली, आणि तिजविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवसांपासून मनात होते.

पुस्तकाचे नाव ‘साधना’ आणि लेखक फादर अँथनी डी मेलो. हे नाव मराठी वाचकांस जितके परिचित असावयास हवे तितके नाही याचे आम्हांस नवल वाटत आले आहे, कारण माणूस अस्सल मुंबईचा. जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी सांताक्रूझचा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९४७ साली, येशूसंघात प्रवेश. पुढे तत्त्वज्ञानासाठी बार्सेलोना, ईशज्ञानासाठी पुण्याचे डी नोबिली कॉलेज, मानसशास्त्रासाठी शिकागो, अध्यात्मशास्त्रासाठी रोम असा प्रवास घडला; १९६१ साली दीक्षा मिळाली. सत्तरच्या दशकात पुण्यास त्यांनी साधना नावाची संस्था काढली आणि १९७८ साली ती लोणावळ्यास नेली. देशोदेशींचे पाद्री व जोगिणी तेथे महिनोन् महिने येऊन राहत. लोणावळ्याचे नाव काढले की आम्हां रेल्वेच्या माणसांस एकच गोष्ट आठवते: कर्जतला गाडीच्या मागे लावलेली इंजिने बोरघाट चढून झाल्यावर येथे सुटतात. चढ संपेपर्यंत मागून रेटा हवा. पुढे गाडीने आपली आपण चालावे. फादरांची शिकवण पुष्कळशी अशीच होती असे त्यांच्या शिष्यांच्या लिहिण्यावरून दिसते. लोणावळ्यासच कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ पासून उभे आहे, आणि पलीकडच्या घाटमाथ्यावर, इगतपुरीस, गोएंकांची विपश्यना १९७६ पासून. तेथेही कसाऱ्याहून लागलेली इंजिने सुटतात. तीन निरनिराळ्या घरांतील माणसे श्वासाकडे पाहण्याची एकच विद्या घाटमाथ्यावर बसून शिकवीत होती, हा योगायोग आमच्या मनास गमतीचा वाटतो. असो.

‘साधना’ १९७८ साली गुजरात साहित्य प्रकाशनाने आणंदहून छापले. त्यात सत्तेचाळीस अभ्यास आहेत. प्रथम शरीराचे व श्वासाचे भान, मग कल्पना, मग भक्ती. कल्पनेच्या भागात ख्रिस्तचरित्रातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून आपण त्यात जाऊन बसावयाचे असते. ही युक्ती डी मेलोंची नव्हे. ती येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या सोळाव्या शतकातील ‘आध्यात्मिक अभ्यासां’तील आहे, आणि आपल्याकडच्या मानसपूजेशी तिचे नाते वाचकास तत्काळ ओळखू येईल. भक्तीच्या भागात नामस्मरण आहे, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर येशू बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलणेही आहे. हे पुस्तक वाचून कोणाचा ख्रिस्तावरील विश्वास उडेल असे आम्हांस तरी वाटत नाही. त्यानंतर १९८२ साली ‘द साँग ऑफ द बर्ड’ हा बोधकथांचा संग्रह, १९८४ साली ‘वेलस्प्रिंग्ज’, १९८५ साली ‘वन मिनिट विज्डम’ अशी पुस्तके आली. कथा सूफींच्या, झेन गुरूंच्या, हसिदी यहुद्यांच्या, आपल्या साधुसंतांच्या. मालकी कोणाची हे फादर फारसे पाहत नसत. २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले असता हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय पंचावन्न. देह मुंबईस आणून वांद्र्यास मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतरच खरी गर्दी झाली. भाषणांच्या ध्वनिफितींवरून, टिपणांवरून, शिबिरार्थींच्या वह्यांवरून पुस्तके निघू लागली. ‘अवेअरनेस’ हे त्यांचे बहुधा सर्वांत खपलेले पुस्तक. ते त्यांनी लिहिलेलेच नाही. १९९० साली ते संपादकाने त्यांच्या व्याख्यानांवरून सिद्ध केले. आणि मग अकरा वर्षांनी रोमहून कागद आला. धर्मसिद्धांत मंडळाने काढलेल्या २४ जून १९९८ च्या सूचनापत्रावर मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची सही होती. पौर्वात्य ज्ञानातील काही उपयुक्त अंश या पुस्तकांत आहे, आत्मसंयमनास ती साहाय्य करतात, हे मान्य करून पत्र पुढे म्हणते की, लेखक ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून उत्तरोत्तर दूर जात राहिला. सगुण, प्रकट ईश्वराच्या जागी त्याने निराकार, नामरूपरहित असे काही ठेवले, इतके की ईश्वराला शून्य म्हणण्यापर्यंत मजल गेली. येशूला त्याने अनेक गुरूंपैकी एक गुरू केले. शास्त्रवचने म्हणजे नुसत्या दिशादर्शक खुणा मानल्या. ही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असून त्यांपासून गंभीर हानी संभवते, असा निर्णय.

आमच्यासारख्या परक्या वाचकास हे वाचून पहिली प्रतिक्रिया काय होते ते सांगावयास नको. ज्या गोष्टीला आपण नेति नेति म्हणून मस्तकी धरले तीच येथे गुन्हा ठरली! आणि मनुष्य उत्तर द्यावयास हयात नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदाची आणि इंद्रायणीच्या डोहाची आठवण होऊन मराठी माणूस तत्काळ आरोपीच्या बाजूने उभा राहतो. ती आपली शेकडो वर्षांची सवय आहे. आम्हीही तसेच उभे राहिलो होतो. पण आमच्या शेजाऱ्यांनी आम्हांस तेथे फार वेळ आरामात उभे राहू दिले नाही.

हे गृहस्थ वसईचे. घरी सामवेदी बोली, आमच्याशी मराठी, कचेरीत हिंदी व इंग्रजी, आणि प्रार्थना करताना कोणती भाषा ते त्यांनी कधी सांगितले नाही. आम्ही त्यांस वसईकर म्हणत असू. मानक नगरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांची पत्नी गेली. मुले शिक्षणासाठी गावाकडे होती. त्या हिवाळ्यात पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या व्हरांड्यातील दिवा लागे, आणि दाट धुक्यात घोंगडी पांघरून ते खुर्चीवर ताठ बसलेले दिसत. समोर दुसरी खुर्ची रिकामी असे. प्रथम आम्हांस भीतीच वाटली. पुढे त्यांनीच सांगितले की जपमाळ हाती घेतली की शब्द पुढे सरकत नव्हते. तेव्हा पत्नीच्या पेटीत सापडलेले हे जुने पुस्तक उघडले आणि पहिल्या अभ्यासापासून क्रमाने करीत गेले. श्वास आत आला, श्वास बाहेर गेला, एवढेच कित्येक आठवडे. खुर्चीचा अभ्यास फार पुढे आला.

१९९९ साली त्यांच्या मेहुण्यांचे पत्र आले. मेहुणे धर्मकार्यातले. रोमचे सूचनापत्र त्यांनी सोबत पाठविले होते आणि पुढच्या आवृत्त्यांतून प्रकाशकांनी छापावयास घेतलेल्या खुलाशाची नक्कलही. त्या खुलाशाचा आशय असा की, ही पुस्तके निरनिराळ्या धर्मांच्या समाजात, अन्य धर्मीय, संशयवादी व निरीश्वरवादी यांस त्यांच्या शोधात साहाय्य व्हावे म्हणून लिहिलेली आहेत. कॅथलिक श्रद्धावंतांस धर्मसिद्धांत शिकविणारी पाठ्यपुस्तके म्हणून लेखकाने ती योजलेली नव्हती. वसईकर ती नक्कल घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, एक सांगा. म्हणजे हे पुस्तक तुमच्यासाठी होते, माझ्यासाठी नव्हते. मग गेले वर्षभर पहाटे मी जे केले ते प्रार्थनेत धरायचे की नाही?”

आम्ही रागावून रोमविरुद्ध पुष्कळ बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुम्हांला फुकटात उदार होता येते. फादर तुमच्याकडचे बोलतात म्हणून तुम्हांला गोड लागतात. तुम्हांला त्यांच्यापायी काही सोडावे लागले नाही. मी ज्याच्याशी त्या खुर्चीवर बोललो तो कोणी होता की माझ्याच मनाचा खेळ होता, हे मला ठरवायला हवे. मला शून्याशी बोलायचे नव्हते. ती शून्यात गेली असे मी मानू शकत नाही.”

या बोलण्याने वादाची जागाच बदलली. आम्ही ज्यास तत्त्वज्ञानातील मतभेद समजत होतो तो या माणसाच्या दृष्टीने पत्नी कोठे आहे याविषयीचा प्रश्न होता. सगुणाची थोरवी निर्गुणवाद्याला पटवून देण्यात आपल्याकडेही कित्येक ग्रंथ खर्ची पडले आहेत. रोमचा कागद, त्याची भाषा कितीही कोरडी असो, तेच काम करू पाहत होता. मानक हवे की नको हा प्रश्न वसईकरांच्या मनात नव्हताच. मानक नगरात नोकरी करणाऱ्यास तो कसा पडावा?

तरीही त्या कागदावर आमचा एक आक्षेप आहे आणि तो आम्ही मागे घेतलेला नाही. तो अगदी आमच्या धंद्यातला आहे. चाचणीचा निकाल नमुन्यावर अवलंबून असतो, आणि नमुना कारखान्यातून मोहोर करून आलेला असावा लागतो. सगळीच पुस्तके लेखकाच्या संमतीने निघालेली नाहीत, काही मृत्यूनंतर टिपणांवरून व ध्वनिमुद्रणांवरून तयार झाली, ही गोष्ट रोमच्या खुलाशाच्या तळटीपेतच कबूल केलेली आहे. मग ती तळटीप वरच्या मजकुरात का नाही? शिबिरात समोरच्या पन्नास माणसांना हालवून जागे करण्यासाठी बोललेले वाक्य, चढ्या आवाजात, हसत, कदाचित त्यांच्यापैकी एकाच्याच उद्देशाने म्हटलेले, ते छापील पानावर आल्यावर सिद्धांत होऊन बसते. गणेशोत्सवातील व्याख्यान आणि शोधनिबंध एकाच कसोटीस लावावेत काय? मात्र येथेही न्याय केला पाहिजे. ‘साधना’, ‘वेलस्प्रिंग्ज’ आणि ‘साँग ऑफ द बर्ड’ ही पुस्तके लेखकाच्या डोळ्यांदेखत निघाली होती आणि सूचनापत्राचा रोख त्यांवरही आहे. म्हणून सगळा दोष संपादकांच्या माथी मारून फादरांस निर्दोष सोडविण्याची जी युक्ती त्यांचे काही चाहते करतात ती आम्हांस टिकाऊ वाटत नाही. ते खरोखरच दूर चालले होते. किती दूर, आणि परत वळले असते की नाही, हे त्यांनाच विचारावयास हवे होते.

त्यांच्याविषयी ज्यांनी जवळून लिहिले त्यांपैकी फादर कार्लोस वालेस हे नाव गुजरातेत नोकरी केलेल्या आमच्या वाचकांस नक्की माहीत असेल. जन्माने स्पॅनिश, धंद्याने अहमदाबादेत गणिताचे अध्यापक, आणि गुजरातीतले नाणावलेले निबंधकार. १९७८ सालचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांस मिळाला होता. डी मेलो गेले त्याच वर्षी त्यांनी आपल्या या संघबंधूवर पुस्तक लिहिले. त्यातील डी मेलो पुतळ्यासारखा नाही. आपलेच कालचे मत आज खोडून काढणारा, शिष्यांनी वही उघडली की अस्वस्थ होणारा असा तो माणूस आहे. ज्याला स्वतःच्या शब्दांचे ओझे नको होते त्याच्या शब्दांची मृत्यूनंतर डझनावारी पुस्तके निघाली आणि त्याच पुस्तकांची चौकशी झाली!

असे एकट्या डी मेलोंचेच झाले असे नाही. जर्मन साधू एकहार्ट यांची अठ्ठावीस वाक्ये १३२९ साली पोपने दोषी ठरविली तेव्हा एकहार्टही हयात नव्हते. इंदूरच्या मराठी मंडळींस त्यांच्याच शहरात ७ डिसेंबर १९७३ रोजी निधन पावलेले स्वामी अभिषिक्तानंद आठवत असतील किंवा आठवत नसतील. हे मूळचे ब्रिटनी प्रांतातील बेनेडिक्टिन संन्यासी आंरी ल सो. १९४८ साली हिंदुस्थानात आले, १९५० साली कावेरीकाठी शांतिवन आश्रम काढला, पुढे उत्तरकाशीस कुटी बांधून राहिले. अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तावरील श्रद्धा यांच्या कात्रीत पंचवीस वर्षे त्यांनी काढली आणि ती सर्व तगमग रोजनिशीत लिहून ठेवली. ती मृत्यूनंतर, १९८६ साली, फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचून कोणी त्यांस ऋषी म्हणतो, कोणी वाट चुकलेला पाद्री. रोजनिशी लिहिणाऱ्याने न्यायालयापुढे जबानी दिलेली नसते, एवढे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवले तर बरे. आम्हांस स्वतःला डी मेलोंपेक्षा हा संन्यासी थोर वाटतो. तो कमी हसवितो, पण दोन्ही बाजूंची किंमत त्याने स्वतः मोजली.

आणखी एक रुखरुख सांगून टाकावी. याच येशूसंघाचे फादर स्टीफन्स यांनी चारशे वर्षांमागे, १६१६ साली, गोमंतकात ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांतल्या काही तर शाळकरी मुलांनाही पाठ असत. त्या ग्रंथाचे नशीब उलटे. धर्मसत्तेने त्यास अनुज्ञा दिली होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यसत्तेने देशी भाषेवरच घाव घातला. पहिल्या तीन आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. १९०७ साली मंगळूरहून पुन्हा छापून निघेपर्यंत ग्रंथ हस्तलिखितांत जगला. इंग्लंडात जन्मलेला पाद्री ओवीत रमला, आणि सांताक्रूझला जन्मलेला, पुण्यास शिकलेला, लोणावळ्यास राहिलेला पाद्री आयुष्यभर इंग्रजीत लिहीत राहिला. त्यांची शिबिरे देशोदेशींच्या माणसांसाठी होती हे खरे, आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत इंग्रजी ही घरचीच भाषा हेही खरे. तरी ओवीअभंगांच्या या मुलखात त्यांच्या निराकाराला सगुणाचा शेजार मिळाला असता, आणि कदाचित रोमच्या कागदातले एखादे कलम कमी झाले असते, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

वसईकरांनी शेवटी काय केले ते सांगावयाचे राहिले. त्यांची प्रत जुनी होती, तीत प्रकाशकांचा खुलासा नव्हता. त्यांनी मेहुण्यांनी पाठविलेली नक्कल कात्रीने नीट कापली, खळ लावली, आणि कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मुखपृष्ठाच्या आतील बाजूस चिकटविली. खाली दिनांक आणि आद्याक्षरे. एकही ओळ छेदली नाही. बदली होऊन ते गेले तोपर्यंत पहाटेचा दिवा चालू होता. मेहुण्यांस काय उत्तर धाडले ते आम्ही विचारले नाही.

पुढे १९९८ च्या पत्राखाली सही करणारे कार्डिनल २००५ साली पोप झाले, २०१३ साली पायउतार झाले आणि २०२२ च्या अखेरीस निवर्तले. त्यांच्या जागी आलेले पोप फ्रान्सिस स्वतः येशूसंघाचे. तेही २०२५ च्या एप्रिलात गेले. सूचनापत्र आपल्या जागी आहे. पुस्तकेही खपत आहेत, खुलाशासह.

‘साँग ऑफ द बर्ड’मध्ये मिठाच्या बाहुलीची कथा आहे. आपल्याकडे ती रामकृष्ण परमहंसांच्या तोंडून आलेली सर्वांस ठाऊक आहे: बाहुली समुद्राची खोली मोजावयास गेली, विरघळली, आणि किती खोल ते परत येऊन सांगावयास कोणी उरलेच नाही. मानक नगरात ही कथा सांगितली की हमखास हशा पिकतो, कारण मोजमापाचे उपकरणच पाण्यात गेले! डी मेलोंच्या कथेत मात्र थोडा फरक आहे आणि तो वसईकरांनी आम्हांस दाखविला. तेथे बाहुली मोजावयास जात नाही. ती समुद्राला तू कोण म्हणून विचारते, आत येऊन पाहा असे समुद्र म्हणतो, आणि विरघळत विरघळत शेवटचा कण उरला असता ती उद्गारते की मी कोण ते आता मला कळले. रामकृष्णांची बाहुली गप्प होते, ही बोलते. “शेवटच्या कणापर्यंत कोणीतरी आहे,” असे म्हणून वसईकरांनी त्या ओळीवर बोट ठेवले होते. रोमच्या परीक्षकांनी ही कथा तपासली असती तर तिच्यात त्यांस शून्य दिसले असते की ते शेवटचे वाक्य, याविषयी आमचा आणि त्यांचा वाद पत्रांतून पुढे कित्येक वर्षे चालला होता.